एक कवच, दोन एडिटर: व्हीएस कोडच्या बांधणीतून ग्राफिकल इंटरफेस शिकणे

डेस्कटॉप आणि वेब अशा दोन्ही ठिकाणी चालणारे ग्राफिकल इंटरफेस बांधायला शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा फ्रेमवर्कचा, म्हणजे इंटरफेस ज्यावर उभा करायचा त्या तयार सांगाड्याचा, असतो: रिॲक्ट घ्यावे की व्ह्यू, क्यूट शिकावे की फ्लटर. प्रश्न गैर नाही, फक्त तो फार लवकर विचारला जातो. प्रस्तुत अभ्यासासाठी निवडलेल्या प्रकरणात फ्रेमवर्कच्या निवडीला फारसे महत्त्वच उरत नाही, कारण त्यातील दोन्ही सॉफ्टवेअर एकाच कवचात (वेबपान डेस्कटॉप ॲप म्हणून चालवणाऱ्या आवरणात) आणि एकाच ब्राउझर-इंजिनावर चालत होती, आणि ज्या भाषांत ती लिहिली गेली त्यांचे शेवटी जावास्क्रिप्टच होत होते. गिटहबचा ॲटम आणि मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हे ते दोन कोड एडिटर होत. साधने सारखी असूनही ॲटमवरचा जडपणाचा शिक्का शेवटपर्यंत पुसला गेला नाही, आणि व्हीएस कोड मात्र जगभर रुजला. या फरकामागे मायक्रोसॉफ्टचे बळही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि इंटरफेस शिकणाऱ्याने पाहावीत अशी कारणे बांधणीत आहेत आणि त्यांतील बहुतेक दोन प्रश्नांपाशी येऊन मिळतात: पडद्यावरच्या घटकांच्या झाडात काय ठेवायचे, आणि पडदा रंगवणाऱ्या थ्रेडवर (प्रोग्रामातील कामांच्या एका रांगेवर) काय चालू द्यायचे नाही.

पार्श्वभूमी

एरिक गामा २०११ साली मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले आणि झ्युरिक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली एक लहान गट काम करू लागला. त्यापूर्वी एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमधील जावा साधनांचे नेतृत्व त्यांनी केले होते, त्यामुळे डेस्कटॉपवरील मोठ्या विकसन-साधनांचे गुणदोष त्यांना आतून ठाऊक होते. नव्या गटाचे काम मात्र ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर बनवण्याचे होते. मोनॅको या नावाचा हा एडिटर अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेवरील संकेतस्थळांचा कोड ब्राउझरमधूनच दुरुस्त करण्याच्या सोयीत आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ मधील विकसकांच्या साधनांत वापरला गेला. म्हणजे डेस्कटॉपचा विचार पुढे येण्याआधी काही वर्षे तो वेबच्या मर्यादांत वाढला होता, आणि या वाढीचा परिणाम पुढे जागोजागी दिसतो.

ॲटमचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये लोकांसमोर आलेला हा एडिटर पहिल्यापासून डेस्कटॉपसाठी होता आणि वापरणाऱ्याला तो हवा तसा उघडून, मोडून, जोडता यावा ही त्यामागची मुख्य कल्पना होती. त्याच्यासाठीच चेंग झाओ यांनी क्रोमियम हा ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे नोड यांना एकत्र बांधणारे कवच तयार केले. ॲटम शेल या नावाने २०१४ मध्ये स्रोत खुला झालेल्या या कवचाला एप्रिल २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन हे नाव मिळाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मायक्रोसॉफ्टने आपल्या बिल्ड परिषदेत व्हीएस कोड जाहीर केला, ज्याच्या गाभ्यात मोनॅको होता आणि बाहेर ॲटमसाठी घडवलेले हेच कवच. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचा स्रोत एमआयटी परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे पुढील बहुतेक गोष्टी कोणालाही प्रत्यक्ष कोडमध्ये पडताळता येतात.

झाडात काय ठेवायचे

ब्राउझर पानावरील प्रत्येक घटकाची नोंद डॉम नावाच्या झाडात ठेवतो. घटक बदलला की शैलीचा हिशेब, मांडणीचा हिशेब आणि रंगकाम अशा पायऱ्या पार पडतात. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर या सर्वांसाठी मिळून जेमतेम १६.६ मिलिसेकंद हाताशी असतात, आणि आपला स्वतःचा कोडही त्यातच उरकावा लागतो. नवशिक्याकडून सर्वाधिक घडणारी गोष्ट म्हणजे एखादा घटक बदलून लगेच त्याची उंची किंवा रुंदी विचारणे. उत्तर देण्यासाठी ब्राउझरला मांडणीचा हिशेब तिथल्या तिथे पुन्हा करावा लागतो, आणि हे आवर्तनात घडले तर पडदा अडखळू लागतो.

ॲटमच्या सुरुवातीच्या आवृत्तीत दृश्यघटक जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या आधारे लिहिलेले होते. जुलै २०१४ मध्ये गटाने एडिटरचा मुख्य घटक रिॲक्टवर हलवल्याचे जाहीर केले, ज्याचा हेतू मांडणीचे अकारण होणारे हिशेब टाळणे हाच होता. पुढे रिॲक्टही तिथून काढण्यात आले आणि डॉमचे बदल पुन्हा हाताने लिहिले गेले. या घटनाक्रमावरून रिॲक्ट वाईट आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. खरी गोष्ट अशी की दर कळ दाबल्यावर क्षणात उत्तर द्यावे लागणाऱ्या इंटरफेसमध्ये कोणता घटक केव्हा बदलतो हे लिहिणाऱ्यालाच नेमके माहीत असते, आणि ते शोधून काढण्यासाठी मध्यस्थ ठेवला तर त्याच्या श्रमाचाही वेळ मोजावा लागतो.

मोनॅकोमध्ये फाइल कितीही लांब असली तरी डॉममध्ये पडद्यावर दिसणाऱ्या ओळींपुरतेच घटक असतात. हे वाचून सोडून देण्याऐवजी पाहून घ्यावे. व्हीएस कोडच्या हेल्प मेनूतून विकसक-साधने उघडली की संपूर्ण एडिटर एखाद्या वेबपानासारखा तपासता येतो, कारण तो वेबपानच आहे. दिसणाऱ्या प्रत्येक ओळीसाठी व्ह्यू-लाइन या वर्गाचा एक डिव्ह (पानावरची चौकट) सापडतो, आणि फाइल सरकवली की वरचे डिव्ह गळून खालचे नवे येताना दिसतात. डावीकडच्या फायलींच्या यादीतही हेच तंत्र आहे: प्रकल्पात हजारो फायली असल्या तरी झाडात मोजक्याच रांगा असतात आणि त्यांचेच साचे नव्या मजकुरासाठी पुन्हा वापरले जातात. एवढ्या मोठ्या इंटरफेसचे मुख्य अंग कोणत्याही प्रसिद्ध फ्रेमवर्कशिवाय, साध्या टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणाऱ्या भाषेत) आणि थेट डॉमवर लिहिलेले आहे, ही बाब अनेक विद्यार्थ्यांना प्रथम पटत नाही.

थ्रेडवर कोण बसणार

ॲटममध्ये बाहेरच्या लेखकांची पॅकेजे एडिटरच्याच खिडकीत, त्याच जावास्क्रिप्ट वातावरणात, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या थ्रेडवरच चालत. त्यांना डॉमला हात लावता येई, म्हणून ती काहीही करू शकत. आणि त्यांतले एखादे पॅकेज एखाद्या हिशेबात गुंतले की टाइप केलेले अक्षर उमटायलाही थांबावे लागे. व्हीएस कोडने एक्स्टेन्शनांसाठी, म्हणजे अशाच बाहेरच्या जोड-भागांसाठी, वेगळी प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम) ठेवली. त्यांना डॉम दिसतच नाही, केवळ एपीआयमधून, म्हणजे आखून दिलेल्या आदेशांच्या संचातून, निरोप पाठवता येतात. २०१६ मध्ये रेड हॅट आणि कोडेनव्ही या कंपन्यांसह जाहीर केलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हा त्याच वृत्तीचा पुढचा टप्पा होता, कारण त्यात भाषेचे विश्लेषण करणारा भागच वेगळ्या प्रोसेसमध्ये जाऊन जेसॉन-आरपीसी या निरोपांच्या पद्धतीने बोलू लागला.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली, आणि शिकणाऱ्याने ती बाजू अधिक बारकाईने पाहावी. कोडमधील कंसांच्या जोड्या वेगवेगळ्या रंगांत दाखवणारे एक एक्स्टेन्शन फार लोकप्रिय झाले होते. ते वेगळ्या प्रोसेसमध्ये असल्याने टाइप करणे कधी अडले नाही, परंतु रंग मात्र मागाहून येत. टाइपस्क्रिप्टच्या स्वतःच्या स्रोतातील ४२ हजारांहून अधिक ओळींच्या एका फाइलीच्या आरंभी काही लिहिले की सर्व कंसांचे रंग अद्ययावत व्हायला सुमारे १० सेकंद लागत, आणि तेवढा वेळ एक्स्टेन्शनांची प्रोसेस पूर्ण भाराने चालत राहिल्यामुळे त्या प्रोसेसवर अवलंबून असलेल्या इतर सोयीही खोळंबत. एक्स्टेन्शनाच्या लेखकाचा यात दोष नव्हता. एडिटरने शब्दांचे वर्गीकरण आधीच केलेले असूनही ते एपीआयमधून मिळत नव्हते, म्हणून तेच काम पुन्हा करणे त्याला भाग होते. २०२१ मध्ये ही सोय गाभ्यात घेतली गेली तेव्हा कंसांची रचना संतुलित झाडात (ज्याच्या फांद्या साधारण सारख्या खोलीच्या राहतात) मांडण्यात आली आणि प्रत्येक गाठीत स्थान न ठेवता केवळ लांबी ठेवली गेली. आरंभी एक अक्षर वाढले तर पुढच्या सर्व स्थानांचे आकडे बदलतात, लांब्या मात्र जवळजवळ सगळ्या तशाच राहतात. परिणामी तीच फाइल बदलल्यानंतरचा हिशेब मिलिसेकंदाहून कमी वेळात होऊ लागला.

रंगीत कंस ही दिसायला सजावटीची बाब आहे, पण तिच्या मुळाशी पाठ्यपुस्तकातला संतुलित झाडांचा धडा निघतो. आपल्याकडील बहुतेक अभ्यासक्रमांत डेटा स्ट्रक्चर हा विषय एका सत्रात आणि वेब डिझाइन दुसऱ्या सत्रात शिकवला जातो आणि दोघांची गाठ परीक्षेपर्यंत पडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते इंटरफेस शिकवण्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

मजकूर साठवण्याच्या पद्धतीचे प्रकरणही याच जातीचे आहे. सुरुवातीला व्हीएस कोड फाइलीतील प्रत्येक ओळीसाठी एक ऑब्जेक्ट ठेवत असे. ३५ मेगाबाइटांची एक फाइल उघडत नसल्याची तक्रार आली, तेव्हा त्या फाइलीत १ कोटी ३७ लाख ओळी असल्याचे निघाले. एका ऑब्जेक्टला ४० ते ६० बाइट धरले तरी केवळ ओळींच्या यादीने सुमारे ६०० मेगाबाइट स्मृती घेतली होती. २०१८ मध्ये त्याजागी तुकड्यांचे झाड आले, ज्यात मूळ फाइलीचा मजकूर जसाच्या तसा राहतो आणि झाड केवळ कोणता तुकडा कुठून घ्यायचा याची नोंद ठेवते. हा भाग सी++ मध्ये लिहून पाहण्याचा प्रयत्नही झाला होता. परंतु जावास्क्रिप्ट आणि सी++ यांच्या सीमेवरून अक्षरमाला ने-आण करण्यातच मिळवलेला वेळ खर्ची पडत असल्याने गट टाइपस्क्रिप्टकडे परतला. वेगवान भाषा निवडली की इंटरफेस वेगवान होतो, या समजुतीला छेद देणारे याहून स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

देवनागरी आणि समान रुंदीचे गृहीतक

आतापर्यंत वर्णिलेल्या वेगाच्या मुळाशी एक गृहीतक दडलेले आहे, आणि मराठी वाचकाचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. ओळीत केवळ साधी रोमन अक्षरे असतील आणि फॉन्ट समान रुंदीचा असेल, तर कर्सर कुठे उभा करायचा हे एका गुणाकाराने सांगता येते: कितवे अक्षर, गुणिले एका अक्षराची रुंदी. मोनॅको अशा ओळींसाठी हाच जवळचा मार्ग धरतो. ओळीत देवनागरी आली की गुणाकार निरुपयोगी ठरतो. 'क्षि' हे पडद्यावर एक अक्षर दिसते, परंतु साठवताना ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशा चार संकेतांचे असते, शिवाय शेवटचा संकेत सर्वांच्या आधी रंगवावा लागतो. अशा वेळी प्रत्यक्ष रंगवलेला मजकूर किती जागा घेतो हे ब्राउझरलाच विचारावे लागते, म्हणजे वर सांगितलेला महागडा प्रश्न जाणूनबुजून विचारावा लागतो.

लांब ओळ कुठे मोडायची यातही हेच घडते. व्हीएस कोडमध्ये रॅपिंग स्ट्रॅटेजी नावाची सेटिंग आहे. तिचे मूळ मूल्य 'सिंपल' असून त्यात सर्व अक्षरे समान रुंदीची धरून हिशेब होतो. 'ॲडव्हान्स्ड' निवडल्यास मोडण्याची जागा ब्राउझर ठरवतो, जे सर्व लिप्यांसाठी बरोबर असते पण मोठ्या फायलींत एडिटर गोठवू शकते. मराठीत दस्तऐवज किंवा अनुवादाच्या फायली लिहिणाऱ्यांना ओळी उजव्या कडेच्या बऱ्याच आधी किंवा भलत्याच ठिकाणी तुटताना दिसत असतील, तर ही सेटिंग बदलून पाहावी.

एडिटरमधील टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करण्याच्या खिडकीत) गृहीतक आणखी घट्ट आहे. २०१७ मध्ये हे टर्मिनल डॉमऐवजी कॅन्व्हास या चित्र काढण्याच्या पृष्ठभागावर रंगवले जाऊ लागले आणि रंगकामाचा वेग परिस्थितीनुसार ५ ते ४५ पट वाढला, कारण एकदा रेखाटलेल्या अक्षराची प्रतिमा साठवून ती चौकटीत पुनःपुन्हा उमटवता येऊ लागली. टर्मिनल ही चौकटींची जाळी असते आणि प्रत्येक अक्षराने एक किंवा दोन चौकटी व्यापाव्यात असा दशकांपासूनचा संकेत आहे. देवनागरी जोडाक्षराची रुंदी फॉन्ट ठरवतो, जाळी नव्हे. त्यामुळे टर्मिनलमध्ये मराठी मजकूर बहुधा विस्कटलेला दिसतो. हा एका उत्पादनाचा दोष नसून सर्वच टर्मिनलांना मिळालेला वारसा आहे.

स्वतः रंगवण्याचा मार्ग निवडला की ब्राउझर जे फुकट देत होता तेही हातचे जाते, ही गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे. मोनॅकोत दिसणारा कर्सर खरा कर्सर नसून लुकलुकणारा एक डिव्ह आहे. टाइप केलेली अक्षरे प्रत्यक्षात एका लपवलेल्या टेक्स्टएरियात, म्हणजे ब्राउझरच्या मजकूर-पेटीत, जात आणि तिथून एडिटर ती उचलत असे. ध्वनीनुसार मराठी टंकलेखन करून देणारी साधने आणि दृष्टिहीन वापरकर्त्यांचे स्क्रीन रीडर यांच्याशी दुवा याच लपलेल्या पेटीने राखला होता. स्क्रीन रीडरला वाचता यावे म्हणून कर्सरभोवतीच्या काही ओळी तिच्यात भरून ठेवाव्या लागत. क्रोमियममध्ये २०२४ साली आलेल्या एडिटकॉन्टेक्स्ट या सोयीमुळे ही कसरत टाळण्याचा सरळ मार्ग उपलब्ध झाला आणि व्हीएस कोडने तो स्वीकारण्यास आरंभ केला.

डेस्कटॉप आणि वेब यांची एकच संहिता

व्हीएस कोडच्या स्रोतात फायलींची विभागणी त्या कुठे चालू शकतात यावरून केलेली आहे. 'कॉमन' नावाच्या फोल्डरातील कोड ना डॉमला स्पर्श करतो ना नोडला, 'ब्राउझर' फोल्डरातील कोडला डॉम चालतो, 'नोड' फोल्डरातील कोडला फाइल-प्रणाली चालते, आणि इलेक्ट्रॉनवर अवलंबून असलेला कोड स्वतंत्र असतो. हा नियम स्वयंचलित तपासणीने राखला जातो. चुकीच्या थरातून आयात केली की तपासणी अडवते. या शिस्तीमुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये तोच एडिटर काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये उघडता येऊ लागला.

उलट दिशेनेही फायदा झाला. इलेक्ट्रॉनच्या खिडकीत नोडला थेट प्रवेश देणे सोयीचे असले तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचे असते, कारण पानात घुसलेली एखादी दुष्ट स्क्रिप्ट मग संपूर्ण संगणकापर्यंत पोहोचू शकते. २०२० ते २०२२ या काळात गटाने खिडकीतून नोड टप्प्याटप्प्याने काढून तिला सँडबॉक्समध्ये (बाहेर हात न पोहोचणाऱ्या बंदिस्त जागेत) बंद केले. वेब आवृत्तीसाठी नोडविना चालणारा कोड आधीच तयार होत गेल्याने हे काम बरेच सुकर झाले. इलेक्ट्रॉनवर पहिला प्रकल्प करणाऱ्याने जुन्या धड्यांतून नोडचा थेट प्रवेश उचलू नये, खिडकी आणि प्रणाली यांच्यात निरोपांचा ठरावीक मार्गच ठेवावा.

या मांडणीवरचा नेहमीचा आक्षेप खरा आहे: इलेक्ट्रॉनवर बांधलेले प्रत्येक ॲप स्वतःचे क्रोमियम आणि स्वतःचे नोड सोबत घेऊन येते, आणि कमी स्मृतीच्या लॅपटॉपवर अशी तीन-चार ॲप्स उघडली की त्याचा भार जाणवतो. एका लहानशा नोंदवहीसाठी किंवा दुकानाच्या बिलांसाठी तो भार समर्थनीय नाही. टाउरीसारखे पर्याय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असलेलाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा घटक) वापरून तो टाळतात, मात्र मग वेगवेगळ्या प्रणालींवरील वेगवेगळ्या इंजिनांवर चाचणी घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आले आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटमचे काम अधिकृतपणे थांबवण्यात आले. त्याच्या मूळ शिल्पकारांपैकी काहींनी या साऱ्या अनुभवातून व्हीएस कोडच्या गटाहून वेगळाच अर्थ काढला. नेथन सोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राउझर-इंजिन पूर्णपणे सोडून रस्ट भाषेत झेड हा एडिटर लिहिला, ज्याचा स्रोत जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याचा इंटरफेस त्यांनी स्वतःच घडवलेल्या चौकटीतून थेट ग्राफिक्स प्रोसेसरवर रंगवला जातो. वेग मिळाला, परंतु डॉम सोडल्यावर टंकलेखनाच्या पद्धती आणि स्क्रीन रीडर यांच्याशी दुवे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर नव्याने जोडणे आले. दोन्ही गटांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसत असले तरी दोघांनी सोडवलेले प्रश्न तेच आहेत, आणि म्हणून शिकण्याचा क्रमही तोच ठेवता येतो. आधी फ्रेमवर्कविना एक लाख रांगांची यादी गुळगुळीत सरकेल अशी लिहावी, मग तिच्यातला शोध वेब वर्करमध्ये (वेगळ्या थ्रेडवर) हलवून टाइप करताना पडदा अडतो का ते विकसक-साधनांच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मोजावे. त्यानंतर माउस बाजूला ठेवून ती केवळ कळफलकाने आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर चालू करून वापरावी, रांगांत मराठी मजकूर भरावा, आणि मगच रिॲक्ट की आणखी काही हा प्रश्न हाती घ्यावा.